आधी गळती, मग झाकणी: गाडीचं नाक आणि हायवेवरचा अ‍ॅव्हरेज

पुढची जाळी थोडी झाकली की हायवेवर अ‍ॅव्हरेज वाढतो, हे खरं आहे. जाळी झाकली की इंजिन तापतं, हेही खरं आहे. या विषयावर जे वाद होतात ते बहुतेक या दोन वाक्यांपैकी एकच धरून होतात. खरं काम मधलं आहे: रेडिएटरला लागते तेवढी हवा कमी होऊ न देता बाकीची हवा बाहेरच ठेवायची. आणि त्यासाठी पहिला हात जाळीला घालायचा नाही, जाळीच्या मागे घालायचा.

हा लेख साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी आहे, म्हणजे माणसांसकट हजार-अकराशे किलोची गाडी. टर्बो आणि ऑटोमॅटिकवाल्यांसाठी वेगळ्या सूचना मधेमधे येतील.

हवा किती खाते

आकडे एकदा मांडून घेऊ. ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा) ०.३३, समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, हवेची घनता १.१५ किलो प्रति घनमीटर (आपल्याकडच्या उबदार हवेला हा आकडा चालतो), वजन ११०० किलो. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना टायर जो विरोध करतो तो) वजनाच्या १.१ टक्के धरला तर तो जवळपास ११९ न्यूटन येतो आणि वेग बदलला तरी फारसा हलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीला ४९ न्यूटन, ६० ला १११, ८० ला १९७, १०० ला ३०७ आणि १२० ला ४४३.

म्हणजे ताशी साठ-बासष्टच्या खाली टायर जास्त खातात, त्याच्या वर हवा. पुण्यात कोथरूड ते हडपसर रोज ये-जा करणाऱ्याने हा लेख इथेच मिटला तरी चालेल. त्याचं पेट्रोल ब्रेक आणि सिग्नल खातात. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि नागपूरपासूनचे ७०१ किमी जवळपास एकाच वेगात जातात. तिथे मात्र इंजिनाने चाकांना दिलेल्या शक्तीतला पाऊण हिस्सा हवा ढकलण्यात जातो.

आता या हवेच्या रोधातला किती भाग पुढच्या जाळीतून आत शिरणाऱ्या हवेचा? याला कूलिंग ड्रॅग म्हणतात आणि साधारण गाडीत तो एकूण हवारोधाच्या ५ ते १० टक्के असतो. ताशी १०० ला १५ ते ३० न्यूटन. हवा जाळीतून आत येते, रेडिएटरच्या पुढे बसवलेला एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या पातळ पंखांत घासते, इंजिनाच्या खोलीत सगळ्या दिशांना आपटते आणि शेवटी गाडीच्या पोटाखालून वाटेल तशी बाहेर पडते. आत आलेला वेग ती बाहेर जाताना परत देत नाही. ते नुकसान गाडीच्या खात्यावर पडतं.

यातला निम्मा भाग वाचवला तर टायर धरून एकूण रोध २ ते साडेतीन टक्क्यांनी घटतो. पेट्रोलमध्ये फरक त्याहून जरा कमी दिसतो, कारण इंजिनाचं स्वतःचं घर्षण तसंच राहतं. जाळी, ओठ (बंपरच्या खालच्या कडेची रबरी पट्टी), चाकांपुढच्या पट्ट्या, पोटाखालचं कव्हर असं सगळं नीट केलं तर ताशी ९०-१०० च्या स्थिर वेगात २ ते ५ टक्के फरक ही प्रामाणिक अपेक्षा. कोणी फक्त जाळीवर १५ टक्के सांगत असेल तर त्याने भर दुपारी, वाऱ्याच्या दिशेने चाचणी केली आहे. चाचणीबद्दल पुढे सविस्तर आहेच.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. अमेरिकेत २०११ च्या शेव्हरोले क्रूझ इकोला खालच्या जाळीत उघडझाप करणारी झडप, खोल ओठ आणि पोटाखाली पॅनेल होती. आपल्याकडे ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकलाही अशी आपोआप मिटणारी झडप आहे. तुमच्या गाडीत झडप असेल तर तिच्यापुढे काहीही लावू नका. तिचं काम ती करते आहे.

नाकाचा आकार हा प्रश्न नाही

बाजारात फायबरचं टोकदार नाक, बोनेटवरची खोटी स्कूप, बंपरचे 'एअरो किट' मिळतात. अ‍ॅव्हरेजसाठी यातलं काहीही घेऊ नका. पुढचा भाग गोल करण्याचा फायदा लवकर संपतो: कोपऱ्याला पुरेशी गोलाई आली आणि हवा तिथे पृष्ठभागाला चिकटून वळली, की आणखी गोल करून काहीच मिळत नाही. १९७० च्या दशकात फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी विंड टनेलमध्ये हेच कोपऱ्या-कोपऱ्याने मोजलं होतं, आणि आजची अगदी स्वस्त हॅचबॅकही त्या मर्यादेच्या पलीकडे गोल आहे. हवेचं मोठं नुकसान गाडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढे वाचवण्यासारखं आहे ते जाळीत, चाकांपाशी आणि पोटाखाली.

उलट पुढे लावलेल्या काही वस्तू काढण्यात नक्की फायदा आहे. बुलबार किंवा क्रॅश गार्ड सर्वात आधी. तो हवेत आडवा येतो, वजन वाढवतो आणि धडकेची शक्ती चुकीच्या जागी पोचवून एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडवतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरवला आहे, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच नाही. जादा फॉग लॅम्पची दांडी, बोनेटच्या कडेवरचा किडे अडवणारा प्लास्टिकचा पडदा, झेंड्याची काठी ही पुढची यादी. लिंबू-मिरची राहू द्या, तिचा रोध मोजण्याएवढा नाही.

आरसे काढायचे नाहीत. ते रोध वाढवतात, पण त्यांच्याशिवाय गाडी चालवणं बेकायदाही आहे आणि मूर्खपणाही.

टॉर्च घेऊन बंपरसमोर बसा

बोनेट उघडा, अंधारात रेडिएटरच्या पुढून जाळीच्या दिशेने टॉर्च मारा आणि दुसऱ्या कोणाला बाहेरून बघायला सांगा. कुठून उजेड येतो ते दिसेल. बऱ्याच गाड्यांत वरची रुबाबदार जाळी अर्धीअधिक नुसती शोभेची असते, मागे प्लास्टिक बंद असतं. खरं तोंड म्हणजे नंबर प्लेटच्या खालची फट. वाऱ्याचा सर्वाधिक दाब बंपरच्या उंचीवर पडतो, त्यामुळे ते बरोबरही आहे. तिथली थोडी फट वरच्या मोठ्या जाळीपेक्षा जास्त हवा देते. म्हणून झाकायची ती वरची, बोनेटच्या कडेजवळची जाळी. खालची शक्यतो नाही.

त्याच वेळी या गोष्टी कुठे आहेत ते लिहून ठेवा: इंजिनाच्या हवेचं तोंड (बहुतेकदा हेडलाइटच्या मागे किंवा वरच्या जाळीमागे), हॉर्न, बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर, टर्बो असेल तर इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), ऑटोमॅटिक (सीव्हीटी धरून) असेल तर गिअर ऑइलचा छोटा कूलर, आणि नव्या गाड्यांत लोगोमागे किंवा खालच्या जाळीत बसवलेला, पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार. इंटरकूलर आणि ऑइल कूलर यांच्यापुढे काहीही येता कामा नये. रडारसमोर फोमचा तुकडाही नको. हॉर्न झाकला गेला तर आवाज दबतो आणि घाटात वळणावर ते महागात पडतं. तापमानाचा सेन्सर गरम हवेच्या कोंडीत सापडला तर डॅशबोर्डवर ३० ऐवजी ३८ दिसतं आणि ऑटो एसी उगाच जोर लावतो.

मग कंडेन्सरच्या पंखांवर टॉर्च मारा. त्यात धूळ, कीटक, उसाचं पाचट, कापसाचा भुसा भरलेला असेल तर गाडीची जाळी आधीच झाकलेली आहे, फक्त तिचा फायदा कोणालाच मिळत नाही. साध्या पाण्याच्या पाइपने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळ नेली तर अ‍ॅल्युमिनियमचे पंख आडवे होतात आणि ते सरळ करणं जिकिरीचं आहे.

गळती

इथे जास्त वेळ द्या, कारण बहुतेक लोक हेच सोडून देतात.

बंपर आणि कंडेन्सर यांच्यामध्ये पोकळी असते. जाळीतून आलेल्या हवेला कंडेन्सरच्या दाट पंखांतून जाण्यापेक्षा बाजूने निसटणं सोपं पडतं. दोन्ही बाजूंना चौकट आणि हेडलाइटच्या मधली फट, वर बोनेटच्या कुलपाजवळची फट, खाली रेडिएटर आणि आडव्या बीममधली फट, शिवाय कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बोटभर जागा. या सगळ्यांतून जाणारी हवा रोध निर्माण करते आणि काहीच थंड करत नाही. नव्या गाडीत कंपनीने इथे रबराच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे दिलेले असतात. एकदा बंपर उतरवून डेंटिंगचं काम झालं की ते पडदे गॅरेजच्या कोपऱ्यात राहतात. आधी पार्ट कॅटलॉगमध्ये तुमच्या मॉडेलला ते आहेत का बघा. असतील तर मूळचेच आणा.

नसतील तर साहित्य सोपं आहे. मोठ्या फटींसाठी ३ ते ५ मिमी जाडीची काळी सनपॅक शीट, तीच जी नो पार्किंगच्या पाट्यांना वापरतात. छोट्या फटींसाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा नायट्राइल फोम, ९ किंवा १३ मिमी जाडीचा. तो उभा चिरून कडेवर बसवता येतो. जोडायला केबल टाय आणि बंपरचे पुश क्लिप. दुहेरी टेप एकट्याने टिकत नाही. उन्हात गोंद सैल होतो आणि पट्टी फॅनमध्ये ओढली जाते. प्रत्येक तुकड्याला किमान दोन ठिकाणी यांत्रिक पकड हवीच.

सनपॅक शीटच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवा, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. आडव्या ठेवल्या तर चिखल भरून राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारी तापलेली नळी) पुढच्या बाजूला असलेल्या इंजिनांत फोम आणि शीट त्यापासून १५ सेंटीमीटर तरी लांब हवी. तेल गळणाऱ्या इंजिनाजवळ फोम नकोच. तेल प्यायलेला फोम ही आगीची तयारी आहे. आधी गळती बंद करा, ऑइलची.

याचा एक फायदा शहरातही मिळतो. सिग्नलला उभं असताना फॅनने मागे फेकलेली गरम हवा याच बाजूच्या फटींतून फिरून पुन्हा पुढे येते आणि परत कंडेन्सरमध्ये शिरते. फटी बंद झाल्या की एसी ट्रॅफिकमध्ये लवकर थंड करतो. अ‍ॅव्हरेजचं जाऊ द्या, नुसत्या एसीसाठीही हे काम करण्यासारखं आहे.

झाकायचं किती, हे पाण्याची नळी सांगते

'अर्धी जाळी झाका', 'तीनचतुर्थांश झाका' असले सल्ले निरुपयोगी आहेत, कारण अर्धी जाळी आधीच बंद असू शकते. मोजायचा तो कंडेन्सरच्या पुढचा आणि रेडिएटरच्या मागचा दाब, म्हणजे त्यांतला फरक.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी, पण बारीक, ४ ते ६ मिमी आतल्या व्यासाची घ्या. एक तुकडा कंडेन्सरच्या पुढे, जाळीमागे बांधा. तोंड वाऱ्याकडे नको, आडवं हवं, नाहीतर झोताचा दाब मिसळतो. दुसरा तुकडा रेडिएटरच्या मागे, फॅनच्या पात्यांपासून दूर, चौकटीच्या कोपऱ्यात. दोन्ही नळ्या बोनेटच्या रबराखालून आणि दाराच्या कडेने आत घ्या, मुडपणार नाहीत हे बघा. आत एका पट्टीवर यू आकाराची नळी लावून त्यात शाईचा थेंब टाकलेलं पाणी भरा आणि दोन टोकं जोडा. वाचन शेजारी बसलेला माणूस करेल, चालवणारा नाही.

ताशी १०० ला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ४४४ पास्कल असतो, म्हणजे पाण्याचे ४५ मिमी. ८० ला २९ मिमी. रेडिएटरच्या आरपार मिळणारा फरक यापेक्षा बराच कमी असतो, पण साध्या मोजपट्टीवर तो वाचता येतो. एसी बंद, फॅन बंद, सपाट रस्ता, ताशी ८०.

आता क्रम असा. काहीही न बदलता आकडा घ्या. समजा १५ मिमी आला. गळती बुजवा आणि पुन्हा घ्या. समजा १९ झाला. हे जादा ४ मिमी तुमची कमाई. आता वरची जाळी थोडी थोडी झाकत जा आणि आकडा परत १५ वर आला की थांबा. रेडिएटरला कंपनीने दिली होती तेवढीच हवा मिळते आहे, पण आत शिरणारी एकूण हवा कमी झाली आहे. १५ च्या खाली जाणं म्हणजे कंपनीने ठेवलेल्या राखीव क्षमतेतून उचल घेणं. हिवाळ्यात ती उचल परवडते. एप्रिलमध्ये चंद्रपुरात परवडत नाही.

१५ चा ११ झाला तर हवा नेमकी किती घटली? पंखांतला प्रवाह कसा आहे त्यावर अवलंबून १४ ते २७ टक्के. म्हणून खाली उतरायचं तर एक-एक मिमीने.

झाकण जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला समतल हवं. हवा आतल्या खळग्यात शिरून परत फिरू लागली तर फायदा बराचसा जातो. आडव्या पट्ट्यांच्या जाळीत एसीच्या नळीचा फोम चिरून दोन पट्ट्यांच्या मधे दाबून बसवणं सर्वात सोपं आहे: भोक पाडावं लागत नाही, रंग जात नाही आणि पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या काढता येतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीला २ मिमी एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटची शीट कापून मागून चार टाय. शीट थेट कंडेन्सरवर कधीही टेकवू नका. तिथे झाकलेला भाग पूर्ण मरतो आणि फॅनच्या पात्यांना अर्ध्या फेरीत हवा आणि अर्ध्या फेरीत पोकळी मिळून घरघर सुरू होते. जाळीवर झाकलं तर मधल्या जागेत हवा पसरून सगळ्या पंखांना मिळते.

झाकण दोन तुकड्यांत करा. एक कायमचा, एक घाटाआधी काढायचा.

घाट

हायवेवर काटा मधोमध राहिला म्हणून काम फत्ते असं समजू नका. बोरघाटात काय होतं ते बघा. पाच माणसं आणि सामान धरून १३५० किलो, ६ टक्के चढ, ताशी ५० किमी. चढाचे ७९५ न्यूटन, टायरचे १४६, हवेचे ७७. एकूण १०१८ न्यूटन, म्हणजे चाकांपाशी सुमारे १४ किलोवॉट. दोन माणसं घेऊन सपाट रस्त्यावर ताशी १०० ला लागतात १२ किलोवॉटच्या आत. म्हणजे कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्यात) उष्णता जास्त येते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब मात्र ताशी १०० च्या चौथा हिस्साच. इथे गाडी फॅनच्या जिवावर चढते, आणि फॅनलाही जाळीतूनच हवा ओढावी लागते.

ट्रकमागे अडकून ताशी १५-२० ने चढायची वेळ आली आणि एसी चालू असला की खरी परीक्षा. म्हणून कूलंटचं तापमान आकड्यात दिसलं पाहिजे. डॅशबोर्डचा काटा ८० पासून १०५ पर्यंत बऱ्याच गाड्यांत एकाच जागी उभा राहतो. तो दिलासा देण्यासाठी असतो, माहिती देण्यासाठी नाही. ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते तोंड) स्वस्तातला ईएलएम ३२७ अडॅप्टर लावा आणि मोबाइलवर कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. आधी झाकण न लावता घाट चढून तुमच्या गाडीचा आकडा घ्या, फॅन कितीला लागतो आणि कितीला बंद होतो तेही. झाकणासह त्याच घाटात ४-५ अंशांपेक्षा जास्त वाढ झाली तर झाकण कमी करा. १०५ दिसले की बाजूला थांबून झाकण काढा. इंजिन लगेच बंद करू नका, फॅनला काम करू द्या. कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, हे सांगायला लागू नये, पण दर उन्हाळ्यात कोणीतरी हात भाजून घेतोच.

फॅनचा हिशेब वेगळा मांडायला हवा, कारण फायदा इथेच गुपचूप गळतो. फॅन १२ व्होल्टवर १५ अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे १८० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता धरली तर इंजिनावर सुमारे ३०० वॉटचा भार. तुम्ही झाकणाने १२ न्यूटन वाचवले असतील तर ताशी १०० ला ते ३३० वॉट होतात. म्हणजे झाकणामुळे हायवेवर फॅन सतत फिरायला लागला तर सगळी कमाई त्याने खाल्ली. शिवाय कंडेन्सरला हवा कमी पडली की गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरही जास्त शक्ती घेतो. फॅन पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागतो असं दिसलं की तुकडा काढा, तापमान कितीही चांगलं दिसत असो.

बोनेटच्या मागच्या कडेखाली वॉशर घालून ती उचलण्याचा एक जुना उपाय अजून चालतो, 'गरम हवा निघून जाते' म्हणून. उभ्या गाडीत निघते. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा तिथून उलट आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवते. करू नका.

ओठ, चाकांपुढच्या पट्ट्या आणि कव्हर

बंपरच्या खालच्या कडेला जी काळी रबरी पट्टी असते, ती शोभेची नाही. ती पोटाखाली जाणारी हवा कमी करते आणि इंजिनाच्या खोलीखाली दाब घटवते. त्यामुळे रेडिएटरमधून हवा चांगली ओढली जाते. म्हणजे ही एकच वस्तू रोधही कमी करते आणि कूलिंगही सुधारते. काही गाड्या ही पट्टी तुटल्यावर फक्त हायवेवर तापतात, शहरात नाही, आणि मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलत बसतो.

नवी लावायची तर ३-४ मिमी जाडीचं रबर, कन्व्हेयर बेल्टचा तुकडा उत्तम. बंपरखाली ४० ते ५० मिमी. किती खोल, याचं माप गाडीखाली झोपून घ्यायचं: पट्टी गाडीच्या आधीच खाली असलेल्या भागाच्या, म्हणजे सबफ्रेम किंवा ऑइल संपच्या खाली जाऊ नये. त्याहून खोल गेली की समोरचं क्षेत्रफळ वाढतं आणि रोधही. पट्टीमागे २० × ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची फ्लॅट पट्टी, दर १००-१२० मिमीवर मोठ्या वॉशरसह स्क्रू. पातळ रबर लावलं तर ताशी ९० नंतर ते मागे दुमडतं आणि फडफडतं. बंपरच्या अगदी टोकाला न लावता थोडी मागे, पोटाच्या कव्हरच्या सुरुवातीला लावली तर उतारावर आणि पार्किंगच्या कट्ट्याला कमी घासते. नियमात बसणारा स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच असतो. गावातले नियमात बसत नाहीत, म्हणून रबरच, फायबर नाही.

चाकांच्या पुढे, फेंडर लायनरच्या (कमानीच्या आतलं प्लास्टिक) खाली तळहाताएवढी पट्टी असते. चाकं आणि त्यांच्या कमानी मिळून एकूण हवारोधाचा चौथा हिस्सा किंवा जरा जास्तच घेतात, आणि ही पट्टी टायरवर थेट आदळणारा झोत बाजूला वळवते. दगड लागून ती तुटते आणि कोणी परत लावत नाही. तुमच्या गाडीला मूळची होती का बघा. पार्ट स्वस्त असतो.

इंजिनाखालचं कव्हर हरवलं असेल तर या सगळ्याच्या आधी ते आणा. ऑइल बदलताना क्लिप तुटतात, मग कव्हर लोंबतं, मग कोणीतरी काढून टाकतं. घरी बनवायचं असेल तर २-३ मिमी एबीएस किंवा एचडीपीई, सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून १० सेंटीमीटर तरी लांब, आणि मागच्या बाजूला हवा बाहेर पडायला मोकळी वाट. ती वाट जाळीतल्या उघड्या भागापेक्षा लहान ठेवली तर वर मोजलेला १५ मिमीचा आकडा धडाधड खाली येईल. कव्हर लावल्यावर नळीने पुन्हा मोजा.

बंपरच्या कोपऱ्यातल्या उभ्या फटी आरपार असतील, हवा थेट चाकाच्या कमानीत सोडत असतील, तर त्या बुजवू नका. त्यातून निघणारा हवेचा पडदा चाकाच्या बाहेरच्या बाजूचा गोंधळ झाकतो. नुसत्या खोट्या असतील तर झाकल्या काय, न झाकल्या काय.

फरक पडला की नाही

टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढणं इथे चालत नाही. पंपाचं नोझल लिटरभर आधी किंवा नंतर बंद होतं. ३५ लिटरच्या टाकीत तो ३ टक्के झाला, म्हणजे तुम्ही शोधताय तेवढाच फरक.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून ताशी ८० वरून ६० ला यायला किती सेकंद लागतात हे मोजणं जास्त चांगलं. इंजिन चालूच ठेवा, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतील. आपल्या हॅचबॅकला साधारण २३ सेकंद लागतील. हवारोध ३ टक्के कमी झाला तर त्यात सुमारे ०.४ सेकंदाची भर पडेल. इतक्या छोट्या फरकाला ०.१ टक्क्याचा उतारही गिळतो, कारण तो एकटा ११ न्यूटन देतो. म्हणून त्याच तुकड्यावर दोन्ही दिशांनी, प्रत्येकी पाच-सहा वेळा, आणि सरासरी. क्रम असा: झाकणाशिवाय, झाकणासह, पुन्हा झाकणाशिवाय. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही तर त्या दिवशीचं सगळं मोजमाप रद्द.

ताशी ७ किमीचा वारा समोरून आला तर ताशी ८० ला हवारोध १८ टक्क्यांनी वाढतो. सकाळी २० अंश आणि दुपारी ४० अंश असले तर हवा ६ टक्क्यांहून जास्त विरळ होते. सकाळी झाकणाशिवाय आणि दुपारी झाकणासह मोजणाऱ्याला झाकण नेहमीच चमत्कारी वाटतं. पहाटे, वारा पडलेला असताना, टायर गरम झाल्यावर एकाच दाबाला, तेवढ्याच माणसांसह मोजा. जागा रिकाम्या, सरळ जिल्हा रस्त्याची निवडा. एक्सप्रेस वेवर वेग पाडत जाणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण.

पैशाचा हिशेबही मांडून टाकू. १८ चा अ‍ॅव्हरेज, ७०० किमी, ३ टक्के बचत: सव्वा लिटरच्या आत. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका फेरीला सव्वाशेच्या आसपास. त्याच रस्त्यावर ११० ऐवजी ९५ ने गेलात तर हवारोध एकदम २५ टक्के घटतो, आणि त्याला ना सनपॅक लागतो ना केबल टाय. महिन्यातून दोन-तीन लांब फेऱ्या असतील तरच जाळीचं काम फायद्याचं. गळती बुजवणं, हरवलेलं कव्हर आणि पट्ट्या परत लावणं हे मात्र सगळ्यांसाठी आहे, त्यात तोटा नाही.

कोकणात पावसाळ्याआधी खालच्या फोमच्या पट्ट्या एकदा काढून बघा. लाल माती आणि पानं रेडिएटरच्या तळाशी साचतात, आणि गळती नीट बुजवलेली असेल तर ती बाहेर पडायला वाट नसते. वॉरंटीतल्या गाडीत सर्व्हिसिंगला देण्याआधी झाकण काढून डिकीत ठेवा. हेड गॅसकेटच्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरला जाळीतला फोम दिसला तर वाद तुम्ही हरणार. जर्मनीत राहणाऱ्यांनी बंपरला कायमचं काही जोडण्याआधी तिथली तपासणी आणि मंजुरीचे नियम बघावेत. कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातल्या थंडीत मात्र शून्याखाली वरची जाळी पूर्ण बंद ठेवली तरी बहुतेक गाड्यांना चालतं, शिवाय इंजिन लवकर गरम होतं. तिथे वसंतात झाकण काढायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.